रेशीम म्हणून घेतलेला गालिचा

ईदच्या सकाळी धाकट्याच्या हातून शीरखुर्म्याची वाटी गालिच्यावर कलंडली. आम्ही घाईने ओल्या फडक्याने घासलं, तिथेच चुकलो. वाळल्यावर तेवढी जागा कडक आणि पिवळट झाली. प्रदर्शनातून ‘काश्मिरी रेशीम’ म्हणून दोन महिन्यांचा पगार घालून आणलेला तो गालिचा व्हिस्कोसचा निघाला! लवीतला सुटा धागा जाळला, तर कागद जळल्याचा वास आला. रेशमाला केस जळल्यासारखा येतो. पण दुकानात कोण काडी लावू देणार?

म्हणून आधी गालिचा उलटा करून पाहा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट दिसते आणि झालर त्याच्याच ताण्याची असते, वेगळी शिवलेली नसते. मागे कापड चिकटवलं असेल तर गाठी नाहीत, हे समजून भाव करा. मुलाबाळांच्या घरात भदोहीचा लोकरी गालिचा बरा. लोकरीतल्या तेलकटपणामुळे सांडलेलं लगेच आत मुरत नाही. तेवढ्यात कोरडं सुती कापड दाबून टिपायचं. कपाटाखालचा भागही झाडत जा, कसर तिथेच लागते.

अम्मींनी तो डाग सोफ्याखाली सरकवलाय. मेहमान आले की आमची नजर मात्र तिथेच जाते.