चाकांवरील चढाई

रोलर डर्बीचा सामना प्रथमच पाहावयास गेलेल्या प्रेक्षकाची पहिली काही मिनिटे गोंधळातच जातात. त्याची नजर चेंडू शोधू लागते. आणि या खेळात चेंडूच नाही हे ध्यानात आल्यावर गुण मिळतात तरी कशाचे, हे कोडे त्याला पडते.

लंबवर्तुळाकार मार्गावर प्रत्येक संघाच्या पाच खेळाडू उतरतात. पायांत चार चाकांचे स्केट, डोक्यावर शिरस्त्राण. चौघी ब्लॉकर, म्हणजे अडविणाऱ्या, पाचवी जॅमर. तिच्या शिरस्त्राणावर तारा असतो आणि गुण तिनेच मिळवावयाचे असतात. शिटी होताच दोन्ही जॅमर ब्लॉकरांच्या घोळक्यात घुसतात. पहिल्या वेळी गुण नाही. प्रदक्षिणा घालून त्या घोळक्याला पुन्हा मागून येऊन भिडल्या, की ओलांडलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी ब्लॉकरमागे एक गुण. हुतूतू पाहिलेल्या माणसाला हे चित्र परके वाटू नये. मात्र येथे दोन्ही बाजूंची चढाई एकाच वेळी चालते. त्यामुळे आपल्या जॅमरला वाट करून देणे आणि दुसरीची वाट रोखणे, ही दोन्ही कामे ब्लॉकरला एकाच क्षणी करावी लागतात.

डावाची मर्यादा 2 मिनिटांची; पण नियमभंग न करता सर्वांआधी घोळका पार करणारी जॅमर कमरेवर हात आपटून तो केव्हाही थांबवू शकते. चार गुण पदरात पडले, प्रतिस्पर्धी जॅमर मागून येऊन ठेपली, आणि हिने डाव संपविला! नवख्याला हा पळपुटेपणा वाटतो. वस्तुतः खेळातील सारे शहाणपण येथेच आहे. धक्का खांद्याने वा कमरेने देता येतो. कोपर मारले अथवा पाठीवर आघात केला, तर 30 सेकंद बाहेर बसावे लागते. आणि बाहेर बसलेली जॅमर असेल, तर तेवढा वेळ तिच्या संघाची कमाई बंद.

हा खेळ 1935 साली शिकागोत लिओ सेल्ट्झर यांनी सुरू केला, तो स्त्रीपुरुषांच्या जोड्यांची दमछाकीची शर्यत म्हणून. टकरींना गर्दी लोटते हे दिसल्यावर टकरी हाच खेळ झाला. सेल्ट्झर कुटुंबाचा हा व्यवसाय 1973 मध्ये बंद पडला. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरातील स्त्रियांनी 2001 पासून त्याला नवा जन्म दिला. जुना मार्ग लाकडी, उतरता आणि खर्चिक होता. त्यांच्यापैकी काहींनी पुढे सपाट जमिनीवर दोरी व चिकटपट्टी लावून तो आखला. या साध्या युक्तीमुळे कोणत्याही गावातील रिकामे गोदाम क्रीडांगण होऊ शकले, आणि खेळ देशोदेशी पसरला.

खेळाडू टोपणनावे घेतात. ती बहुधा श्लेषाची असल्याने मराठीत आणण्याचा खटाटोप व्यर्थ होय. येथे मालक सहसा नसतो. वर्गणी त्याच भरतात, पट्ट्या त्याच चिकटवितात. दारावर तिकीट देणारी स्त्री पुढच्या सामन्यात तारा मिरविताना दिसण्याचा संभव असतो.