गोळीतल्या ‘डी’ची गोष्ट

छातीत जळजळ झाली की एक कॅप्सूल, वर कडक चहा, आणि दिवस सुरू! पण त्या एका कॅप्सूलमध्ये औषधं दोन असतात. त्यातलं दुसरं काय करतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

तुमच्या बॅगेत आत्ता काय काय आहे? चार्जर, हेडफोन, ऑफिसचं आयकार्ड, च्युइंगगम... आणि आतल्या छोट्या कप्प्यात पित्ताच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. बरोबर ना? माझ्याही होती. रात्री दोनपर्यंत डेडलाइन, अकराला मागवलेली बिर्याणी, सकाळी घशापर्यंत आंबट पाणी. मग केमिस्टकडे जायचं आणि ‘ती डी-वाली द्या’ म्हणायचं. तो चिठ्ठी मागत नाही, आपणही दाखवत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आजोळी रत्नागिरीला गेले. पहाटे कोकणकन्येतून उतरले, घरी पोचले, आणि बघते तर मामाच्या टीव्हीशेजारच्या डब्यात अगदी तीच स्ट्रिप! फरक एवढाच, की माझी सवय दोन महिन्यांची आणि त्याची चार वर्षांची.

‘अगो, पित्ताची आहे ती,’ मामा म्हणाला. ‘पोट फुगलं, डोकं दुखलं, अंगावर गांधी उठल्या, की टाकायची एक.’

आपल्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार सोयीचा आहे. छातीतली जळजळ पित्त, अर्धशिशी पित्त, अंगावर उठलेल्या गांधी पित्त, गाडीत झालेली उलटीही पित्तच. कोकणात तर त्यावर आमसुलाचं पाणी ठरलेलं. पण डॉक्टरच्या दृष्टीने हे वेगवेगळे आजार आहेत. सगळ्यांना एकच गोळी कशी चालेल?

पाखाडीवर लागलेली धाप

मामाच्या घरापासून रस्त्यावर यायला जांभ्या दगडाची पाखाडी चढावी लागते. आयुष्यभर तो ती शिट्टी वाजवत चढला. या खेपेला मात्र मध्येच दोनदा बसला. मामीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आठवडाभर शौचाला डांबरासारखं काळं होतंय. ‘फणस जास्त खाल्ला असेल,’ हे त्याचं निदान.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरंच खाली. मग दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. कारणं दोन निघाली. एक म्हणजे गुडघ्यासाठी रोज, मनानेच घेतलेली पेनकिलर. दुसरं म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

मग ती पित्ताची गोळी? ती तो त्रास झाला की घ्यायचा, तीही जेवल्यावर. त्यामुळे दुखणं दबायचं, पण जखम भरत नव्हती.

जंतूवर 14 दिवस

टेन्शन आणि तिखटाने अल्सर होतो, असं पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी जंतूकडे बोट दाखवलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मार्शलसाहेबांनी 1984 मध्ये चक्क त्या जंतूचं पाणी पिऊन स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली! 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

म्हणून अशा अल्सरसाठी एकत्र औषधं लागतातच. आम्ल कमी करणारी गोळी आणि सोबत दोन अँटिबायोटिक्स, साधारण 14 दिवस. काही जंतू नेहमीच्या क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देईनासे झालेत, त्यामुळे बरेच डॉक्टर आता बिस्मथ असलेली चार औषधांची ट्रीटमेंट देतात. बिस्मथने शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. पण पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडायचाही नाही.

मामाला क्लॅरिथ्रोमायसिनवाला कोर्स मिळाला. डॉक्टर म्हणाले, ‘घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा.’ मामीने डबाच आणला. त्यातली जुनी स्ट्रिप त्यांनी उचलून बाजूला ठेवली. ‘ही आजपासून बंद.’ मामा चकित! ‘पण ती पित्ताची, ही अल्सरची. दोन्ही घेणार होतो मी.’

हा ‘डी’ कोण?

स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोल. ही ‘पीपीआय’ गटातली औषधं. पोटाच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद करतात. जेवताना हे पंप कामाला लागतात आणि औषध चालू पंपांवरच चालतं. म्हणून गोळी जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं, पाण्याबरोबर घ्यायची. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. जेवल्यावर ‘इमर्जन्सी’ म्हणून गिळण्याची ही गोळीच नाही.

दुसरं नाव डॉम्पेरिडोन. हाच आपला ‘डी’. तो आम्ल कमी करत नाही. तो जठर लवकर रिकामं करायला मदत करतो आणि मळमळ थांबवतो. मळमळ नसेल, पोट जड वाटत नसेल, तर निव्वळ जळजळीला बहुतेक वेळा साधी पीपीआय पुरते.

हा ‘डी’ निरुपद्रवी वाटतो, पण काही जणांच्या हृदयाचे ठोके तो बिघडवू शकतो. म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये त्याला लगाम घातला. मोठ्यांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम, तेही फक्त मळमळ-उलटीसाठी आणि सहसा आठवडाभरच. आपल्याकडच्या दिवसातून एकदा घ्यायच्या कॅप्सूलमध्ये बहुधा 30 मिलिग्रॅमच असतं. म्हणजे सकाळच्या एका कॅप्सूलमध्ये दिवसाचा कोटा संपला. मग रात्री पार्टीनंतर ‘अजून एक’ कशाला?

आता मामाचा घोळ लक्षात येईल. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे डॉम्पेरिडोन शरीरात साचत जातं, आणि ठोके बिघडवण्याचा धोका दोघांचाही आहे. साठी उलटलेल्यांना हा धोका आणखी जास्त. शिवाय पीपीआय डबल झाली असती ती वेगळीच.

तरुणांनी हसू नये. नायट्यासाठी मिळणाऱ्या इट्राकोनाझोलची गोष्टही तीच. डॉम्पेरिडोनबरोबर ते घ्यायचं नाही. त्यातून इट्राकोनाझोलची कॅप्सूल अंगी लागायला पोटात आम्ल हवं असतं, आणि पीपीआय नेमकं तेच कमी करते! मुलींसाठी आणखी एक. डॉम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हार्मोन वाढतं, त्यामुळे पाळी पुढेमागे होऊ शकते.

एकात दोन, एकात तीन...

एका गोळीत अनेक औषधं कोंबायची आपल्याकडे हौसच. केंद्र सरकारने बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मार्च 2016 मध्ये अशी 344 मिश्रणं बंद केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2018 मध्ये 328 मिश्रणांवर नव्याने बंदी आली. एसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि राबेप्राझोल, म्हणजे पेनकिलर आणि पित्ताची गोळी एकत्र, हे मिश्रण त्यात होतं. पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन त्यात नव्हतं. ते योग्य कारणासाठी, थोडे दिवस, डॉक्टर देतातच. प्रश्न आपण ते चार वर्षं चालवतो त्याचा आहे.

सोडवत का नाही?

रत्नागिरीहून परतल्यावर मीही डॉक्टर गाठला. ‘डी’ गेला, साधी गोळी काही आठवडे, मग हळूहळू बंद. मध्येच एकदम सोडली तर जळजळ दुप्पट वाटायची. डेन्मार्कमधल्या 2009 च्या एका अभ्यासात ठणठणीत माणसांना आठ आठवडे पीपीआय देऊन बंद केली, तर 44 टक्क्यांना पित्ताचा त्रास झाला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. म्हणजे ‘गोळीशिवाय जमत नाही’ याचं कारण कधी कधी ती गोळीच असते! वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 आणि मॅग्नेशियमही घटू शकतं. मात्र अल्सर होऊन गेलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करू नये. त्यांना तिचं संरक्षण लागू शकतं.

आणि मामा? कोर्स संपून महिना उलटल्यावर त्याची पुन्हा तपासणी झाली. त्याआधी दोन आठवडे पीपीआय बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला. गुडघा अजून कुरकुरतो, पण पेनकिलर आता डॉक्टरांना विचारूनच. गणपतीला गेले तेव्हा माझी बॅग घेऊन पाखाडी तोच चढला.

पर्समध्ये ठेवा... ही यादी!

• कॅप्सूल जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं. चावू नका, फोडू नका.

• दोन आठवड्यांत आराम नाही किंवा त्रास परत परत होतो? केमिस्ट नको, डॉक्टर गाठा.

• नवं औषध सुरू होताना ‘मी पित्ताची डी-वाली घेतो’ हे आवर्जून सांगा. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल तर आधीच.

• पेनकिलर रोज लागतेय? तेही सांगा.

• काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना घटलेलं वजन... यात गोळी घेऊन थांबू नका. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर लगेच हॉस्पिटल.

• छातीत दुखून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, चक्कर आली, धडधडलं, तर ते ‘पित्त’ समजू नका. तडक हॉस्पिटल!