वळिवड्याच्या पोरांचं गाणं

भोकरच्या शाळेत सकाळची प्रार्थना माझ्याकडं असते. मार्चच्या सुमारास तांड्यांवरची लेकरं आईबापांसोबत ऊसतोडीवरून परततात. चार-पाच महिने कोपीत काढलेली ही पोरं वर्गात नाव विचारलं तरी मान वर करत नाहीत. प्रार्थनेच्या रांगेत मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचे ओठ हलायला लागतात. बोलणं मागून येतं, गाणं आधी. म्हणूनच वळिवड्याचा पोलिश कॅम्प माझ्या डोक्यातून जात नाही.

वळिवड्यात, कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी, 1943 ते 1948 या काळात एक अख्खं पोलिश गाव नांदत होतं. सुमारे 5,000 माणसं, त्यातही बहुतेक बायका आणि लेकरं. 10 फेब्रुवारी 1940 च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत शिपायांनी पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलून मालगाडीत कोंबायला सुरुवात केली. कुणी सायबेरियात, कुणी कझाकस्तानात. उपासमारीनं आणि टायफसनं किती गेले! 1941 मध्ये हिटलर रशियावर चालून गेला तेव्हा यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे ही माणसं हिंदुस्थानात पोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ पोरांना थारा दिला, कोल्हापूर संस्थानात वळिवडे उभं राहिलं. लांबच लांब बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काऊटची पथकं. चर्चमध्ये समूहगान, स्काऊटच्या शेकोटीभोवती गाणी, नाताळात येशूजन्माची गीतं.

बालाचडीला गेलेली पहिली पोरं आधी मुंबईत वांद्र्याला उतरली होती. अश्गाबादहून त्यांच्यासोबत आलेली बाई होती हांका ऑर्डोनूव्हना. युद्धाआधी वॉर्सात तिच्या गाण्यांवर लोक जीव टाकत. क्षयानं पोखरलेली ती गायिका अनाथांना सांभाळत इथवर आली. पुढं तिनं या भटक्या लेकरांवर पुस्तक लिहिलं आणि 1950 मध्ये बैरूतला देह ठेवला. तिचं नाव आपल्या पोरांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या लोकांचं राष्ट्रगीतच मुळी परक्या मुलखात जन्मलं. 1795 मध्ये पोलंड नकाशावरून पुसला गेला. दोन वर्षांनी, 1797 मध्ये, इटलीत असलेल्या पोलिश पलटणींसाठी युझेफ विबित्स्की यानं ते लिहिलं. वळिवड्यात ते म्हणणाऱ्या कितीतरी पोरांनी कळत्या वयात आपला देश धड पाहिलाही नव्हता. भाषा, प्रार्थना, गाव, सगळं गाण्यातूनच शिल्लक राहायचं होतं.

आपलं समूहगान एका सुराचं असतं: पन्नास गळे, चाल एक. युरोपातल्या क्वायरची रीत निराळी. उंच आवाजांची चाल वेगळी, खालच्यांची वेगळी. शेजारचा दुसरंच गातोय, ते ऐकायचं आणि तरी आपला सूर सोडायचा नाही. अवघड असतं हे. श्वासही वाटून घ्यायचा असतो: एकाचा दम संपला की दुसरा ओळ पुढं नेतो, ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. आई गमावलेल्या पोराला रोज असं खांद्याला खांदा लावून उभं राहायला मिळणं म्हणजे काय, हे मला माझ्या रांगेकडं पाहून कळतं.

कॅम्प 1948 मध्ये उठला. बरेचजण इंग्लंडला गेले, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पोलंडला परत. रिकाम्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज कापडासाठी ओळखलं जाणारं गांधीनगर ते हेच. त्याच सुमारास निजामाच्या राज्यातली आमच्या भोकरकडची माणसंही रझाकारांच्या धाकानं घर सोडून, पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती.

यंदा मी एका साध्या गाण्याच्या दोन चाली बसवल्या. पंधरा दिवसांपूर्वी परतलेली एक मुलगी मागच्या रांगेत, खालच्या सुरावर होती. एक कान तळव्यानं झाकलेला, डोळे मिटलेले. पुढच्या पोरी वरच्या पट्टीत गेल्या. ही हलली नाही. गाणं संपलं तरी तिचा शेवटचा स्वर चालूच होता. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा तिनं डोळे उघडले.