परांचीचे गणित कधी मांडायचे?

दिवाळीच्या आधी सोसायटीला बाहेरून रंग काढायचे ठरते. तीन ठेकेदारांची दरपत्रके येतात. रंगाची कंपनी, हातांची संख्या, गळती थांबवण्याची हमी यांवर सभेत तासभर वाद होतो. पत्रकात कुठेतरी ‘परांचीसह’ असा एक शब्द असतो, त्याबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. पुढे दोन महिने माणसे त्या शब्दावर उभी राहणार असतात आणि आपली मुले त्याच्याखालून शाळेत जाणार असतात.

बहुतेक परांच्या सवयीने बांधल्या जातात. मुकादमाच्या डोळ्यांना अंतरे माहीत असतात, बांबू कुठे बांधायचा हे हातांना ठाऊक असते. या अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही. दोन मजली घराच्या गिलाव्यासाठी तो सहसा पुरतो. पण कोणत्या टप्प्यानंतर अनुभव पुरत नाही आणि कागदावर आकडेमोड करावी लागते, हा प्रश्न अनेक देशांनी कायद्यात सोडवलेला आहे. ब्रिटनचा २००५ चा उंचीवरील कामाचा नियम सांगतो, की परांची सर्वमान्य ठरावीक रचनेत बांधली असेल तर वेगळी गणिते नकोत. त्या रचनेपासून दूर गेलात, की मजबुती आणि स्थैर्य यांची गणिते हवीतच. अमेरिकेत लाकडी खांबांची परांची ६० फुटांपलीकडे, आणि पाइप-कपलरची किंवा तयार फ्रेमची परांची १२५ फुटांपलीकडे गेली, तर ती नोंदणीकृत अभियंत्यानेच आखावी लागते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३६९६ आणि आयएस ४०१४ हे दस्तऐवज आहेत, स्लॅबखालच्या टेकूंसाठी आयएस १४६८७ आहे. ते सोसायटीच्या कार्यालयात क्वचितच पोहोचतात.

उंची हे कारण सर्वांच्या लक्षात येते. त्याहून फसवी असते ती पाइपची मोकळी लांबी. परांचीचा नेहमीचा दीड इंची पाइप, म्हणजे ४८ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ४ मिलिमीटर जाडी असलेला, दोन्ही टोकांना धरून उभा केला, तर दोन मीटर लांबीत तो कागदोपत्री जवळपास ७ टनांना वाकतो. आता मधला एक आडवा पाइप काढा. मोकळी लांबी चार मीटर झाली, दुप्पट. क्षमता मात्र निम्मी न होता चौथाई होते, पावणेदोन टनांच्या आसपास. प्रत्यक्षात जुना, किंचित वाकलेला, गंजलेला पाइप याच्याही आधी मान टाकतो. गाड्यांना वाट हवी म्हणून फाटकाजवळचे खालचे आडवे आणि तिरके पाइप काढायला सांगणारा सदस्य प्रत्येक सोसायटीत असतो. सगळ्यात जास्त भार तळाच्या उभ्या पाइपांवर असतो आणि नेमके तिथेच हे होते.

दुसरे कारण वारा. धूळ उडू नये म्हणून लावलेली हिरवी जाळी किंवा ताडपत्री हे परांचीच्या दृष्टीने शीड आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आयएस ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे. तात्पुरत्या बांधकामाला संहिता यात सवलत देते. ती घेऊनही मुंबईत दर चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास दाब येतो. वीस मीटर रुंद आणि पंचवीस मीटर उंच भिंतीवर ताडपत्री लावली, तर हा भार ३० टनांच्या घरात जातो. जाळीतून थोडा वारा जातो, त्यामुळे भार कमी होतो, नाहीसा होत नाही. शिवाय वारा परांचीला भिंतीकडे ढकलतो तसा भिंतीपासून ओढतोही. ती ओढ सोसायची ती भिंतीतल्या बांधण्यांनी. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. तो फलक होता, परांची नव्हे. पण उंच सपाट पृष्ठभागाला वारा कसा वागवतो, याचे भौतिकशास्त्र तेच.

मग या बांधण्या कशात अडकवल्या आहेत, हे पाहणे आले. खिडकीच्या ग्रीलला, गच्चीच्या कठड्याला, पोपडे सुटलेल्या छज्ज्याला सुंभाने आवळलेला बांबू सगळ्यांनी पाहिला आहे. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्याचे काम चालू होते. तिथे परांची जमिनीवरून उभारलेली नव्हती. ती मनोऱ्याच्याच काँक्रीटला धरून टप्प्याटप्प्याने वर चढत होती. त्या सकाळी तिचा भार ज्या थरावर होता, तो आदल्या दिवशी ओतलेला होता. रात्र थंड गेली होती आणि थंडीत काँक्रीट हळू घट्ट होते. सुमारे ५० मीटर उंचीवर तो थर सुटला, पाठोपाठ परांची भिंतीवरून सोलल्यासारखी गोल निघत गेली. तिच्यावरचे सर्व ५१ कामगार मेले. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या चौकशीत, त्या थराला तेवढी ताकद आलेली नव्हती, हे मुख्य कारण निघाले. माझ्या मते परांचीच्या गणिताविषयीची सर्वांत मोठी शिकवण इथे आहे: आधार देणाऱ्या भिंतीचे गणितही त्याच कागदावर हवे.

म्हणून दहाव्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या तुळयांवर उभी राहणारी परांची, दोरांवर टांगलेला झुला, भराव घातलेल्या जमिनीवर किंवा पोर्चच्या स्लॅबवर टेकलेली परांची, मंदिराच्या शिखराभोवती किंवा पाण्याच्या टाकीभोवतीची वेडीवाकडी रचना, रस्त्यावर कमान सोडून केलेली बांधणी, या सगळ्यांना उंची कितीही असो, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा नकाशा हवा. विटा, फरशा वर साठवायच्या असतील तरीही. दोन रंगारी आणि दोन डबे यांचा भार वेगळा. दोनशे विटांचा ढीग सहाशे किलोंचा होतो. स्लॅबच्या सेंटरिंगचे तर विचारूच नका. सहा इंची ओला स्लॅब दर चौरस मीटरला पावणेचारशे किलो भरतो, आणि दुमजली उंचीच्या दालनात टेकू लांब झाले, की वर सांगितलेला चौथाईचा हिशेब लागू होतो.

असा नकाशा मागितला, तर ठेकेदार खर्च वाढेल म्हणतो. वाढतो, पण एकूण रंगकामाच्या मानाने तो किरकोळ असतो. नकाशात बांधण्यांची जागा आणि संख्या, एका फळीवर किती भार चालेल, जाळी धरली आहे की नाही, हे लिहिलेले असावे. भार किती हे तिथे मराठीत किंवा हिंदीत पाटीवर लावून घ्यावे, कारण वर चढणारा नकाशा वाचत नाही. ब्रिटनमध्ये दर सात दिवसांनी आणि वादळी हवेनंतर तपासणी सक्तीची आहे. आपल्याला ती करारात लिहून घेता येते.

आणि उतरवण्याचा क्रमही त्यात हवा. रंगाऱ्याला बांधणीच्या जागी रंग लावायचा असतो, म्हणून तो ती सोडतो आणि पुढे सरकतो. परांची पूर्ण उंचीची उभीच असते, जाळीही तशीच असते, फक्त भिंतीशी तिचे नाते एकेक करून कमी होत जाते. २०१९ मध्ये सिडनीत एक परांची कोसळून अठरा वर्षांचा शिकाऊ कामगार गेला, तिथेही बांधण्या काढलेल्या होत्या आणि भार जास्त होता. बांधणी सोडायची तर आधी शेजारी दुसरी बसवायची, आणि ते ठरवणारा माणूस रंगारी नसावा, एवढे दोन ओळींत करारात लिहिता येते.