वारीच्या आधीची वारी



महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर आत्ता कुणी भाकऱ्या थापताना ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीला जमून ऐकत असेल. सगळ्यांना रामराम. चैत्र सरत आलाय. आता गटागटांत एक विषय निघणार, यंदा पायी वारीला कोण कोण येणार? म्हणून आज वारीबद्दलच बोलू. पण दिंडीत कसं चालायचं हे मी सांगणार नाही, ते तुम्हाला येतं. आज बोलू ते घराच्या उंबऱ्यापासून पालखीपर्यंत कसं पोचायचं यावर. हा प्रवास आपण हिशेबातच धरत नाही, आणि पुष्कळ जणींची वारी तिथंच बिघडते.

आमचीच गोष्ट सांगते. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा अकरा जणी होतो. दिवसभर गुरंढोरं आणि शेत, म्हणून रात्रीची जेवणं उरकून जीपनं निघायचं ठरलं. वरंध घाटात झाड आणि दगड रस्त्यावर आलेले. पुढं जाता येईना, मागं गाड्या लागलेल्या. रात्रभर पाय मुडपून जीपमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि कशाबशा संध्याकाळी आळंदीत पोचलो. गर्दीत धड टेकायलाही मिळालं नाही. पहाटे पिशव्या दिंडीच्या ट्रकमध्ये टाकल्या आणि पुण्याच्या वाटेला लागलो.

आमच्यात वाडीतली एक आत्या होती. कोंबड्या-अंडी विकून तिनं वारीसाठी पैसे साठवले होते. विश्रांतवाडीच्या आसपास तिला घेरी आली. तिच्या बीपीच्या गोळ्या पिशवीत, आणि पिशवी ट्रकमध्ये. वाटेवरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला सावरलं, पण पुढं चालू नका म्हणून बजावलं. एक जण तिला घेऊन एसटीनं परत गेली. आत्याला चालणं जड नव्हतं हो. जन्मभर तिनं डोंगरातून मोळ्या आणल्यात. तिला खाली बसवलं ते दोन रात्रींच्या जागरणानं आणि हाताशी नसलेल्या गोळीनं.

असं का होतं, ते नीट समजून घेऊ.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. तुकाराम महाराजांची त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला देहूहून. माउलींचं प्रस्थान संध्याकाळी होतं, मुक्काम आळंदीतच असतो आणि खरं चालणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. हा आळंदी ते पुणे टप्पा पंचवीस किलोमीटरांहून मोठा. पुण्यात दोन मुक्काम, मग पुणे ते सासवड, साधारण तीस किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण. म्हणजे पायाला सवय व्हायच्या आतच वारीतले सगळ्यात मोठे टप्पे येतात. सासवडच्या पुढं टप्पे पुष्कळ सोपे होतात, पण तिथवर टिकायला हवं. म्हणून आपण पालखीला कशा अवस्थेत जाऊन मिळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हे फक्त आपल्याच वारीत आहे असंही नाही. युरोपात स्पेन नावाच्या देशात सांतियागो म्हणून गाव आहे. तिथं संत याकोबाची समाधी मानतात आणि हजारेक वर्षं लोक तिथं पायी जातात. आपल्या गळ्यात तुळशीची माळ, तशी त्यांच्या पिशवीला शिंपली बांधलेली असते. त्यांची एक मोठी वाट शेजारच्या फ्रान्समधल्या सेंट ज्यां नावाच्या गावातून सुरू होते. तिथून सांतियागो सुमारे ७८० किलोमीटर, महिनाभराची चाल. जुन्या काळी लोक आपल्या घरातूनच चालत निघायचे. आता लांबून येणारे विमानानं पॅरिसला उतरतात, तिथून रेल्वेनं बायोन, मग छोट्या गाडीनं सेंट ज्यां. जागरण, गाड्यांची बदलाबदल, परकी भाषा. आणि पहिल्याच दिवशी समोर पिरेनीज डोंगर. गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरसुद्धा उंच नाही आणि खिंड चौदाशे मीटरच्या वर. पोलादपुरातून एका दिवसात महाबळेश्वर चढण्यासारखंच.

मग तिथले जाणते काय करतात? आदल्या दिवशी पोचून गावात झोपतात. तिथं यात्रेकरूंसाठी कचेरी आहे, तिथं हवामान विचारतात. ज्यांना एका दमात चढणं झेपणार नाही, ते आठेक किलोमीटरवरच्या धर्मशाळेत मुक्काम करून चढण दोन दिवसांत करतात. आणि हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, डोंगरावरची ती वाट बंद असते, तेव्हा खालच्या दरीतल्या रस्त्यानं जातात. वाट बंद म्हणजे बंद. देवाच्या कामाला निघालोय म्हणून डोंगर सोडून देत नाही, हे त्यांना कळून चुकलंय.

आपल्यालाही कळून चुकलंय, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता तुटला आणि पुढं कितीतरी दिवस बंद राहिला. आपली वारी नेमकी याच दिवसांत येते. म्हणून वाट निवडताना भाविकपणा आणि सावधपणा दोन्ही बरोबर ठेवायचे.

आपल्याकडून घाटावर जायला मुख्य वाटा अशा.

पहिली वरंध घाटाची. महाड, बिरवाडी, वाघजाई, भोर. सगळ्यात जवळची. पण पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं हा घाट कधी जड वाहनांना, तर कधी सगळ्यांनाच बंद असतो. निघायच्या आधी चौकशी केल्याशिवाय या वाटेला जायचं नाही.

दुसरी आंबेनळीची. पोलादपूर, महाबळेश्वर, वाई. पोलादपूरच्या बायकांना सोयीची, पण धुकं आणि दरडी दोन्ही असतात. ही वाट फक्त दिवसा.

तिसरी ताम्हिणीची. महाडहून माणगाव, निजामपूर, मुळशी, पुणे. लांब पडते आणि पावसात तिथंही दगड येतात, म्हणून हीही उजेडातच.

चौथी वाट रेल्वेची. वीर किंवा माणगाव स्टेशनवरून थांबणारी गाडी धरून पनवेल, आणि तिथून पुण्याची गाडी. वेळ जास्त लागतो, गाडी बदलावी लागते. पण आपले तिन्ही घाट बंद असले तरी ही वाट बहुतेक वेळा उघडी असते. आता आम्ही जोराचा पाऊस असला की हीच धरतो.

भाड्याचं म्हणाल, तर १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. खासगी जीपवर रात्री पैसे घालण्यापेक्षा दिवसाची एसटी स्वस्त आणि निवांत.

आता तारखेचं बोलू, कारण आपलं घोडं अडतं ते तिथंच. वारी तिथीवर चालते, लावणी पावसावर. माउलींचं प्रस्थान २०२३ साली ११ जूनला झालं, २०२४ ला २९ जूनला, २०२५ ला १९ जूनला. अधिक महिना आला की तारीख एकदम पुढं जाते. प्रस्थान जूनच्या मध्याला आलं, तर राबात रोपं वाढत असतात, तेव्हा निघणं जमतं. तरी सगळी वारी केली तर शेवटचे दिवस लावणीत जातात. प्रस्थान जूनअखेरीस किंवा जुलैत आलं, तर इकडं चिखळणी सुरू आणि घरातली बाई बांधावर हवी. म्हणून पंचांग आलं की गटात आधी तिथी बघा आणि कुणाची लावणी कुणी काढायची ते ठरवून टाका. आमच्या गटात राहिलेल्या बायका गेलेल्यांची रोपं लावतात, पुढच्या वर्षी उलट. त्यामुळं घरात परवानगी मागायची वेळ येते तेव्हा हातात उत्तर असतं.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका, की आळंदीपासून चाललं तरच वारी. पूर्ण वारीला सतरा ते वीस दिवस लागतात, ते सगळ्यांना जमत नाहीत. पालखी वाटेत गाठता येते. वरंध घाट उघडा असेल तर भोर, कापूरहोळ, नारायणपूर करत सासवड गाठा. तिथं माउलींचे दोन मुक्काम असतात, म्हणजे एक दिवस विसावा मिळतो आणि दिवे घाटही मागं पडलेला असतो. आंबेनळीनं जाणाऱ्यांना वाई, खंडाळा करत लोणंद सोयीचं. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. माउलींचा अश्व धावतो, ते बघायला लांबलांबून माणसं येतात. लोणंद ते फलटण चालून परत यायचं म्हटलं तर चार दिवसांत घरी. लावणी चुकत नाही आणि वारीही घडते.

आता निघायची तयारी. आम्ही ती अशी करतो.

महिनाभर आधी दिंडीच्या प्रमुखांशी बोलून नाव नोंदवायचं. भिशी किती, त्यात जेवण आणि तंबू दोन्ही आहे का, बायकांची झोपायची सोय वेगळी आहे का, अंघोळीची आणि शौचालयाची व्यवस्था काय, हे लाजू नका, स्पष्ट विचारा. दिंडीचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढं आहे की मागं, हे प्रत्येकीनं पाठ करायचं. हरवल्यावर तोच आपला पत्ता.

घरून पालखी गाठायच्या दोन दिवस आधी निघायचं. एक दिवस प्रवासाचा, एक रात्र झोपेची. एखादा दिवस घाटात गेलाच तरी तो आपल्याकडं शिल्लक असतो.

सामान दोन ठिकाणी करायचं. मोठी पिशवी ट्रकमध्ये, तिला एकाच रंगाची चिंधी बांधायची म्हणजे ढिगात ओळखू येते. खांद्यावरच्या छोट्या पिशवीत रोजच्या गोळ्या, पाणी, गूळ-शेंगदाणे, प्लास्टिकचा कागद, आधार कार्ड आणि घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून. मोबाइलचं चार्जिंग संपतं, कागदाचं नाही. बीपी-साखरेच्या गोळ्या मोठ्या पिशवीत टाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत.

चपला नव्या नकोत. महिनाभर वापरलेल्या, पायाला बसलेल्या घ्या. लावणीच्या चिखलानं पायाला चिरा पडलेल्या असतात, त्या भरून आल्याशिवाय निघू नका. नाहीतर वाटेतल्या गढूळ पाण्यातून ताप घरी येतो.

पाळीचंही बोलते, कारण कुणी बोलत नाही. तारीख वारीत येत असेल तर पॅड किंवा स्वच्छ धुतलेले कपडे आणि एक वेगळी पिशवी जवळ ठेवा. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, विशेषतः बीपी असेल तर. आधी डॉक्टरांना विचारा.

परतीचंही आधीच ठरवा. आषाढीला पंढरपुराहून एसटीच्या जादा गाड्या असतात. पण तोवर जुलै लागलेला असतो आणि घाट ऐन पावसात असतो. परत येताना माणूस थकलेलं असतं, घरची ओढ असते, आणि तेव्हाच आपण रात्रीची गाडी धरतो. एक रात्र तिथंच काढा, सकाळी निघा.

शेवटी एक गोष्ट सांगते. वरंध घाटाच्या माथ्यावर उभं राहिलं, की एका अंगाला पडलेलं पाणी आपल्या सावित्रीला मिळून समुद्राला जातं. दुसऱ्या अंगाचं पाणी नीरा नदीत जातं. त्याच नीरेत पुढं वाल्हे-लोणंदच्या मध्ये माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, आणि तीच नीरा भीमेला मिळून पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते. म्हणजे आपल्या डोंगराचं पाणी दरवर्षी पंढरीला जातं. आपणही जाऊ, पण त्याच्यासारखं कड्यावरून उडी घेऊन नाही. वाट बघून, दिवसाउजेडी.

आत्या अजून आहे. दरवर्षी आम्ही निघालो की विचारते, यंदा कोणत्या घाटानं? यंदा आम्ही तिला सांगितलंय, पिशवी भर. डॉक्टरांना दाखवून झालंय, त्यांनी थोडं थोडं चालायला हरकत नाही म्हटलंय. दिवसाच्या एसटीनं लोणंदला जायचं, एक रात्र झोपायचं, आणि चांदोबाच्या लिंबापर्यंत तिच्या चालीनं चालायचं. गोळ्या तिच्या कनवटीला असतील आणि एक डबी माझ्याकडं.

तुमच्या गटातही अशी एखादी आत्या असेल. पुढच्या बैठकीत तिचं नाव काढा, पंचांग उघडा आणि वाट ठरवा.

रामकृष्ण हरी.