लाल दगड हलत नाही, खिळा झेपावतो

जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनच्या बाजारातून मूठभर खिळे घ्या आणि त्याच जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडचा लालसर, जड दगड त्यांच्याशेजारी ठेवा. हा दगड हेमटाइटचा. शुद्ध हेमटाइटमध्ये वजनाने ७० टक्के लोखंड असतं. आता लोहचुंबक जवळ आणा. खिळे टणकन उडी मारून चिकटतात. दगड बहुधा जागचा हलतही नाही. लोखंड दोन्हीकडे आहे, मग हा फरक का?

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या उलटसुलट जोड्या जमतात आणि हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. तांबं, सोनं, अॅल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही ते यामुळे. लोखंडाच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात, म्हणून तो अणूच इवलासा चुंबक होतो. पण तेवढ्याने भागत नाही. मँगनीजच्या अणूत असे एकटे इलेक्ट्रॉन लोखंडापेक्षाही जास्त असतात, तरी मँगनीजचा तुकडा चुंबकाला चिकटत नाही. शेजारच्या अणूंनीही त्याच दिशेला तोंड करायला हवं. खरी गंमत इथेच आहे.

त्यांना एका दिशेला धरून कोण ठेवतं? अणूंमधली चुंबकीय ओढ म्हणावं, तर ती फारच दुबळी. निव्वळ तिच्या जोरावर ही शिस्त निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अंशभर टिकली असती. उत्तर १९२८ साली वेर्नर हायझेनबर्गने दिलं, आणि ते कितीही वेळा वाचलं तरी मी थक्कच होतो. एकाच दिशेचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत, हा पुंजभौतिकीचा नियम. म्हणजे दिशा सारखी असली की ते आपोआप एकमेकांपासून लांब राहतात, आणि त्यांच्यातल्या विद्युत प्रतिकर्षणाची ऊर्जा कमी होते. लोखंडात हा सौदा परवडतो. चुंबकाच्या ओढीचं मूळ असं विजेत आणि पुंजनियमात आहे!

मग साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला का ओढत नाही? कारण त्याच्या आत अशा एकदिश अणूंचे छोटे छोटे प्रदेश असतात आणि प्रत्येक प्रदेशाचं तोंड वेगळीकडे. ही कल्पना प्येर वाइसने १९०७ मध्ये मांडली. चुंबक जवळ आला की त्याच्या दिशेचे प्रदेश वाढतात, बाकीचे आक्रसतात, आणि खिळा तात्पुरता चुंबक होतो. त्याचं जवळचं टोक ओढलं जातं, लांबचं ढकललं जातं. पण जवळचा जोर मोठा, म्हणून खिळा पुढेच येतो. चुंबकाचं कुठलंही टोक धरा, तो येणारच.

हेमटाइटमध्ये लोखंडाच्या अणूंमध्ये ऑक्सिजन शिरलेला असतो आणि त्याच्यामार्फत लोखंडाचे शेजारी एकमेकांच्या उलट तोंड करून बसतात. बेरीज जवळजवळ शून्य. मॅग्नेटाइट या काळ्या खनिजातही तोंडं उलटसुलटच, पण दोन्ही बाजू असमान. म्हणून काहीतरी शिल्लक उरतं. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात. नदीच्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळी मिशी फुटते ती त्यांचीच.

मध्य भारतातले अगरिया लोक मातीच्या भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा घालून, पायाने भाता चालवून लोखंड काढत. कोळसा ऑक्सिजन काढून नेतो. अणू तेच राहतात, फक्त शेजार बदलतो. तरीही लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापलेलं असेतोवर चुंबक त्याला ओढू शकत नाही. उष्णतेच्या धडपडीत सगळी शिस्त मोडलेली असते. निवलं की ती परत येते.

निकेल आणि कोबाल्ट यांचंही असंच. निकेलची मर्यादा सुमारे ३५८ अंश. आणि तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात जुनी नाणी असतील तर काढा. साठच्या दशकातला निकेलचा रुपया चुंबकाला चिकटेल. ऐंशीच्या दशकातल्या रुपयात तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल, तो चिकटणार नाही. आजचा पोलादी रुपया पुन्हा चिकटेल. मुलांच्या हातात चुंबक द्या आणि आधी त्यांनाच अंदाज करायला सांगा.