पोस्टरवरची सही : भाव चढतो की उतरतो?

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १९३१ सालच्या ‘ड्रॅक्युला’चं एक पोस्टर ५ लाख २५ हजार ८०० डॉलरला विकलं गेलं. त्यावर ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीची सही नव्हती. तीन वर्षं आधी त्याच संस्थेने ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या १९२७ च्या मूकपटाचं पोस्टर ४ लाख ७८ हजार डॉलरला विकलं, तेही सहीविना. आणि २००५ मध्ये ‘मेट्रोपोलिस’च्या पोस्टरला मिळालेले ६ लाख ९० हजार डॉलरही निव्वळ त्या कागदाचे होते.

नटाची सही मिळाली की पोस्टर सोन्याचं झालं, असं समजणाऱ्यांनी हे तीन आकडे आधी डोळ्यांखालून घालावेत.

हॉलिवूडची जुनी पोस्टरं जपून ठेवण्यासाठी छापलेली नव्हतीच. १९४० पासून नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही कंपनी ती थिएटरांना पुरवू लागली. खेळ संपला की पोस्टर परत करा, अशी तंबी कागदाच्या तळाशीच छापलेली असे. एकच पोस्टर गावोगाव फिरायचं, फाटायचं आणि रद्दीत जायचं. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात आणखी ढिगारे गेले. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’चं तर नशीबच वेगळं. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. सिनेमा गेला, पोस्टर तेवढं उरलं. एवढ्या दुर्मीळ कागदावर कुणी मार्कर चालवला, तर संग्राहक त्याला शोभा म्हणणार नाही, डाग म्हणेल.

याच्या अगदी उलट टोकाला आजची पोस्टरं आहेत. गेल्या तीसेक वर्षांत थिएटरांसाठी निघालेली पोस्टरं बहुतेक दोन्ही बाजूंनी छापलेली असतात. मागून दिवा लागला की रंग उठून दिसावेत म्हणून पाठीवर तेच चित्र उलटं छापतात. ती ढिगाने निघतात, स्वस्तात मिळतात. अशा पोस्टरवर हॅरिसन फोर्डची खरी सही असेल, तर गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सहीचे. खालचा कागद फुकट पडल्यासारखाच.

खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चं पोस्टर घ्या. मूळ पोस्टर २७ बाय ४१ इंचांचं, थिएटरांकडे घडी घालून गेलेलं, आणि टॉम जंगने काढलेल्या चित्राच्या पोस्टरखाली ७७/२१-० असा क्रमांक छापलेला. ते मूळ असेल आणि त्यावर मार्क हॅमिल, कॅरी फिशर व फोर्ड या तिघांच्या खऱ्या सह्या असतील, तर भाव निश्चित वाढतो. २०१६ मध्ये फिशर गेल्यापासून तो संच नव्याने जमवताही येत नाही. पण त्याच सह्या दुकानात मिळणाऱ्या पुनर्मुद्रित पोस्टरवर असतील, तर फक्त सह्यांचीच किंमत येते. आणि तीनपैकी एक सही बनावट निघाली, तर उरलेल्या दोन खऱ्या सह्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

सही कुठे आणि कशाने केली, हेही दर्दी माणूस बघतो. मोकळ्या जागेत, गडद रंगावर चंदेरी शाईची सही बरी. नायिकेच्या गालावरून गेलेली नको. ‘अमक्याला सप्रेम’ असं लिहिलेलं असलं की भाव सहसा उतरतो, कारण विकत घेणाऱ्याचं नाव अमका नसतं. (जुन्या काळच्या सह्यांच्या बाबतीत मात्र असा मजकूर उपयोगी पडतो : हस्ताक्षराचा नमुना जितका मोठा, तितकी पारख सोपी.) साधा मार्कर तर उन्हात फिकटत जातो. भिंतीवर दिमाखात लावलेली सही काही वर्षांत नुसती सावली उरते.

एक अडचण मात्र विकत घेणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा येते. जुन्या, घडीवर चिरलेल्या पोस्टरची डागडुजी करताना कारागीर ते आधी पाण्याने धुतात, कागदातलं आम्ल आणि पिवळेपणा काढतात, मग ताणलेल्या कापडावर पातळ कागदाचा थर देऊन खळीने पोस्टर त्यावर बसवतात. छपाईची शाई हे पाणी सहसा सोसते. पेनाची शाई सोसेलच असं नाही. ती पसरते, कधी धुवून जाते. म्हणजे सही वाचवायची तर कागद नीट धुता येत नाही, आणि कागद वाचवायचा तर सही पणाला लागते.

आता खऱ्याखोट्याचं. अमेरिकेत एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ राबवून खेळाडूंच्या खोट्या सह्या बनवणारी टोळी पकडली. सर्वाधिक मागणी असलेल्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज तेव्हा पुढे आला. सिनेमाचा बाजार काही सोवळा नाही. आपल्या नावाच्या खोट्या सह्यांबद्दल मार्क हॅमिल जाहीरपणे बोलत राहिला, आणि सहीसोबत प्रमाणपत्र देण्याची खेळांपुरती असलेली सक्ती कॅलिफोर्नियाने २०१७ पासून इतर सह्यांनाही लागू केली. जुन्या काळी स्टुडिओतल्या कारकूनबायाच चाहत्यांच्या पत्रांना सह्या ठोकत. अभिनेत्री जीन हार्लोच्या नावाने गेलेल्या कितीतरी फोटोंवर तिच्या आईचा हात आहे. प्रमाणपत्र देणारा कोण, यावर प्रमाणपत्राचं वजन ठरतं. विकणाऱ्याने घरच्या प्रिंटरवर काढलेलं असेल तर ते रद्दीच.

आपल्याकडचा एक घोटाळा याच्याशी मिळताजुळता आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) पासून महाराष्ट्राने सिनेमाला पोस्टर-चित्रकार दिले. ‘दीवार’सारख्या चित्रपटांची पोस्टरं करणारे दिवाकर करकरे त्याच परंपरेतले. पोस्टरच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव दिसलं की विकणारा ‘सहीचं पोस्टर’ म्हणून भाव सांगतो. पण ते नाव चित्रासोबत छापलेलं असतं, छपाईच्या प्रत्येक प्रतीवर तेच. भिंगातून पाहिलं तर छापील रेघेत बारीक ठिपके दिसतात, पेनाची रेघ सलग असते. आपल्याकडे जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला की पोस्टरही नव्याने छापायची रीत होती. म्हणून आधी पोस्टर पहिल्या खेपेचं आहे का ते बघावं, सहीचा प्रश्न नंतरचा.

विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : सही नसती, तर या पोस्टरचे किती घेतले असते? त्या उत्तरात आणि सांगितलेल्या भावात जो फरक येईल, तेवढे पैसे सहीचे. आणि तेवढ्याच रकमेचा पुरावा मागायचा तुम्हाला हक्क आहे. घरात आजोबांच्या वेळचं मूळ पोस्टर असेल आणि कलाकार गावात येणार असेल, तर पोस्टर घरीच ठेवा. सहीसाठी एखादा फोटो न्या.